पत्ता स्वतःचा: हिंसक संसारातून बाहेर पडल्यानंतर

हिंसक संसारातून बाहेर पडलेल्या स्त्रीला नोकरीच्याही आधी लागतो तो पत्ता. पोलिसांकडचा अर्ज, दवाखान्याचा केसपेपर, मुलाच्या शाळेचा प्रवेश, बँकेचा फॉर्म, सगळीकडे पहिला प्रश्न तोच असतो: राहता कुठे? धुण्याभांड्याला बाई शोधणारी गृहिणीही आधी तेच विचारते. लग्नाआधी तिचा पत्ता वडिलांचा होता, लग्नानंतर नवऱ्याचा झाला. घर सोडल्यावर तो दुसरा पत्ता कागदोपत्री तसाच राहतो, पण तिथे आलेले पत्र तिच्या हाती पडत नाही. निवारा, ओळखपत्रे, पैसे, मुलांची शाळा आणि कोर्टाच्या तारखा या साऱ्यांची घडी पुन्हा बसवावी लागते. पगाराचे काम त्या घडीत बसले तरच टिकते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्याइतके होते. हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागितलेल्या स्त्रिया देशभरात केवळ १४ टक्के होत्या. बाहेर पडलेल्यांची मोजदाद त्याहून अवघड आहे, कारण त्यांतल्या बहुतेकींकडे तसा कागदच नसतो. २०११च्या जनगणनेत घटस्फोट झालेल्यांपेक्षा नुसतेच विभक्त राहणाऱ्यांची संख्या जवळपास तिप्पट निघाली. या स्त्रिया नांदतही नाहीत आणि मोकळ्याही झालेल्या नाहीत. मराठीत त्यांच्यासाठी दोन शब्द रूढ आहेत, लिहिण्यात परित्यक्ता आणि बोलण्यात टाकलेली. दोन्ही शब्दांत टाकणारा नवराच असतो. बाई स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडली असली तरी गाव तिला टाकलेलीच म्हणते.

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याने हिंसेची व्याख्या मारहाणीपुरती ठेवली नाही. लैंगिक, शाब्दिक व मानसिक छळाबरोबर आर्थिक छळही त्यात आला. बायकोचा पगार काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे, तिचे स्त्रीधन विकून टाकणे आणि तिला नोकरी करू न देणे हे सगळे त्यात मोडते. पुढचे आयुष्य उभे करताना याच प्रकाराची झळ सर्वांत जास्त काळ लागते. हाडाचे फ्रॅक्चर दीड-दोन महिन्यांत भरून येते. पंधरा वर्षे घरात कोंडल्यामुळे न शिकलेले काम, न उघडलेले खाते आणि तुटलेल्या ओळखीपाळखी मात्र तशा भरून येत नाहीत.

घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. बाई हातातून निसटते आहे हे लक्षात आले की छळ करणारा अधिक चवताळतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून समुपदेशक घाईपेक्षा तयारीवर भर देतात. आधार, रेशनकार्डाची प्रत, मुलांचे जन्मदाखले, स्वतःची दहावी-बारावीची प्रमाणपत्रे, लग्नाची पत्रिका व फोटो आणि दवाखान्याचे कागद थोडे थोडे करून विश्वासातल्या माणसाकडे पोहोचवायचे असतात. लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर पत्रिका आणि फोटोच पुढे कोर्टात लग्नाचा पुरावा म्हणून कामी येतात. फोनची गोष्ट वेगळी आहे. तो बहुधा नवऱ्याने घेतलेला असतो, त्यावरचे खाते त्याच्याच ईमेलचे असते आणि त्यातून ती कुठे आहे हे त्याला घरबसल्या कळते. बँकेचा ओटीपीही त्याच्याच नंबरवर जातो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलायला जुना नंबर चालू असावा लागत नाही. आधार केंद्रात स्वतः जाऊन बोटांचे ठसे दिले की पुरते. ही छोटीशी माहिती अनेकींना महिनोन्‌महिने मिळत नाही.

बहुतेकींना एवढ्या तयारीची सवड मिळतच नाही. एखाद्या रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी, मूल कडेवर घेऊन निघावे लागते. अशा वेळी ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १८१ ही महिला हेल्पलाइन उपयोगी पडते. त्यानंतर सरकारी दवाखान्यात जाणे पुष्कळ कारणांनी हिताचे असते. जखम कशी झाली, कोणी केली हे केसपेपरवर लिहून घेतले तर तो तिचा पहिला भक्कम पुरावा ठरतो. ‘जिन्यावरून पडले’ असे लिहिलेला केसपेपर पुढे तिच्याच विरुद्ध वापरला जातो. डॉक्टरांनी हे ओळखावे म्हणून मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. दवाखान्यातच समुपदेशन देणारे हे देशातले सुरुवातीचे केंद्र होय. पोलिसांच्या बाजूने असाच प्रयोग त्याआधी, १९८४ साली झाला होता. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तक्रार घ्यायला समोर खाकी वर्दीऐवजी साध्या साडीतली बाई असली की बोलणे सोपे जाते. पुढे हा कक्ष महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत गेला.

पहिला निवारा बहुधा माहेरचा. दोन-चार दिवसांचे माहेरपण सगळ्यांना आवडते. मुलांसह कायमची आलेली लेक हा मात्र वेगळा हिशोब असतो. भावाचे घर दोन खोल्यांचे असते, वहिनीलाही तिचा संसार असतो, धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते. मग नातेवाइकांची बैठक बसते, नवऱ्याला चार शब्द सुनावले जातात, तो पुन्हा असे होणार नाही म्हणतो आणि तिला नांदायला पाठवले जाते. एका फेरीत कायमच्या बाहेर पडणाऱ्या थोड्या. बहुतेक जणी जातात, परततात, पुन्हा जातात. या ये-जा करण्याला लोक धरसोड म्हणतात, पण प्रत्येक फेरीत बाईला काहीतरी नवे कळलेले असते: कोण दार उघडेल, कोणाचे शब्द पोकळ आहेत, कोणत्या कपाटात कागद आहेत.

माहेरी राहताना एका कायद्याची आठवण कोणी सहसा करून देत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. महाराष्ट्राने असा बदल १९९४ सालीच केला होता. तरीही माहेरचा आधार कायम राहावा या भाबड्या समजुतीने हजारो बहिणींनी तलाठ्यासमोर किंवा दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्रावर सह्या केलेल्या आहेत. ज्या घरात ती आश्रित म्हणून परत येते, त्यातला एक हिस्सा तिचा होता आणि तो तिनेच साडीचोळीवर सोडला होता, हे बऱ्याच वेळा घर सोडल्यानंतर उमजते.

माहेर नसेल किंवा दार बंद झाले असेल तर संस्था उरतात. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘सखी’ वन स्टॉप केंद्रांत पोलीस मदत, वैद्यकीय मदत, वकील आणि समुपदेशन एका छताखाली मिळते, पण मुक्काम साधारण पाच दिवसांचाच. दीर्घकाळ राहण्यासाठी पूर्वीची ‘स्वाधार’ गृहे होती. ती आता ‘मिशन शक्ती’मध्ये ‘शक्ती सदन’ झाली आहेत. नोकरी करणाऱ्यांच्या वसतिगृहांना ‘सखी निवास’ म्हणतात. संस्थेत राहण्याचा एक फायदा सहसा बोलला जात नाही: मान्यताप्राप्त निवारागृहाचे पत्र आधारकार्डावर पत्ता बदलायला चालते. बऱ्याच जणींच्या कार्डावर बापाच्या किंवा नवऱ्याच्या घराखेरीज लागलेला तो पहिला पत्ता असतो.

दुसरी वाट आहे सासरच्याच घरात राहण्याचा हक्क मागण्याची. २००५च्या कायद्यानुसार ज्या घरात तिचा संसार झाला, त्या घरातून तिला कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाहेर काढता येत नाही, मग घर कोणाच्याही नावावर असो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली या तरतुदीचा फार संकुचित अर्थ लावला होता. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराला ती लागू नाही, असा तो अर्थ होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालाने तो बाजूला सारला. त्याच घरात राहणे जिवावरचे असेल तर नवऱ्याने दुसरे घर द्यावे किंवा भाडे भरावे, असाही आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. प्रत्यक्षात हा आदेश मागणाऱ्या कमी आढळतात. भाडे मागायचे असते हेच ठाऊक नसते.

छप्पर आणि शिक्षण यांची सांगड महाराष्ट्रात जुनी आहे. नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८७च्या निकालात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला गेला. वर्षभराने पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे वैद्यकी केली. त्यांच्या धैर्याची कथा नेहमी सांगितली जाते. त्यांच्या पाठीशी आईचे घर, डॉक्टर सावत्र वडील आणि मृत पित्याकडून आलेली मिळकत होती, ही बाजू मात्र मागे पडते. ज्यांच्याकडे हे नव्हते त्यांच्यासाठी पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९), धोंडो केशव कर्वे यांचा आश्रम (१८९६) आणि रमाबाई रानडे यांचे पुण्याचे सेवासदन (१९०९) उभे राहिले. या संस्थांचा भर विधवांवर होता. विधवेबद्दल समाजाला निदान दया येई. नवरा जिवंत असून वेगळी राहणारीबद्दल संशयच येई, आणि अजूनही येतो.

त्या संशयाला जाहीर उत्तर मिळाले ते १९८०च्या दशकात. संगमनेर भागात वकील निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर यांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांना संघटित केले. त्यांच्या मागण्यांत स्वतंत्र रेशनकार्ड आणि घरासाठी जागा या दोन गोष्टी ठळक होत्या. वरवर किरकोळ वाटणारी रेशनकार्डाची मागणी मुळावर घाव घालणारी होती. स्वतंत्र कार्ड म्हणजे ही बाई स्वतःच एक कुटुंब आहे, अशी सरकारने दिलेली कबुली.

आजही नव्या कार्डाआधी जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मागितला जातो, आणि जुने कार्ड सासरच्या कपाटात असते. यात एक विसंगती आहे. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार रेशनकार्डासाठी घरातली सर्वांत मोठी, अठरा वर्षांवरील स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली जाते. म्हणजे जिथे ती कार्डावर प्रमुख असू शकते, त्याच घरातून तिला बाहेर पडावे लागते आणि मग त्याच कार्डासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. २००५च्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचे पत्र किंवा दाखल अर्जाची प्रत जोडली तर तहसील कार्यालयात ही अडवणूक पुष्कळदा सैलावते. पासपोर्टच्या बाबतीत नियम आधीच बदलले आहेत: डिसेंबर २०१६ पासून विभक्त किंवा घटस्फोटित अर्जदाराला जोडीदाराचे नाव द्यावे लागत नाही. मुलांच्या शाळेसाठी तर कायदा पूर्ण बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मुलांचा दाखला अडवून ठेवणे हे बाईला परत आणण्याचे जुने हत्यार आहे, म्हणून हे कलम माहीत असावे.

२००५च्या कायद्याखालचा अर्ज कुठे करायचा यालाही पत्ताच लागतो, पण इथे कायदा उदार आहे. ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही अर्ज चालतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडून राहण्याचे कारण नाही. १९८७च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल शक्यतो साठ दिवसांत, असे कायद्यात लिहिलेले आहे. ‘शक्यतो’ या शब्दात वर्षे जातात.

पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली होई. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. कोर्टातले जुने कारकून आणि पक्षकार अजून ‘एकशेपंचवीस’च म्हणतात. ४ नोव्हेंबर २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. नवरा-बायको दोघांनीही उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. ‘ती शिकलेली आहे, कमवू शकते’ हा बचाव ठरलेला असतो. कमवण्याची पात्रता आणि प्रत्यक्ष कमाई या निराळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. म्हणून छोटेसे काम लागले तर पोटगी बुडेल या भीतीने घरी बसण्याचे कारण नाही. कमाई लपवणे मात्र अंगलट येते, कारण प्रतिज्ञापत्र तिलाही द्यायचे असते.

यात हमखास येणारा अडथळा म्हणजे नांदायला येण्याची नोटीस. पोटगीचा अर्ज झाला की नवऱ्याचा वकील हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली ‘मी नांदवायला तयार आहे’ असे कळवतो. रखमाबाईंवरचा दावा याच जातीचा होता. सबळ कारणाने परत न गेलेल्या पत्नीची पोटगी अशा हुकूमनाम्याने आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. पोटगी मंजूर झाली तरी ती थकतेच. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. नवऱ्याने तुरुंगवास भोगला तरी थकबाकी फिटत नाही. स्त्रीधनाबाबतही कायदा ठाम आहे. लग्नात तिला मिळालेले दागिने व वस्तू तिच्याच मालकीच्या आहेत आणि सासरच्यांकडे त्या केवळ विश्वासाने ठेवलेल्या मानल्या जातात, असे १९८५च्या प्रतिभाराणी खटल्यात ठरले. दागिन्यांची पावती नसली तर लग्नाचे फोटो पुन्हा कामी येतात.

या सगळ्यात पैसे तर रोज लागतात. सरकारी मदत आहे, पण तिचा काटेकोरपणा विलक्षण आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या स्त्रियाही बसतात आणि दरमहा १,५०० रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० आहे. दोन घरची धुणीभांडी धरली की ती ओलांडली जाते. एकल पालकांच्या मुलांसाठी असलेली बालसंगोपन योजना, दर मुलामागे दरमहा २,२५० रुपये देणारी, त्या मानाने जास्त उपयोगाची आहे आणि कमी माहितीतली.

पहिले काम बहुधा आवडीचे नसते, हाताशी असलेले असते. पोळ्या लाटणे, घरकाम, खानावळीत मदत, दुकानात माल लावणे, एमआयडीसीत पॅकिंग, नर्सिंग ब्युरोमार्फत आजाऱ्याजवळ बसणे ही कामे आठवड्याभरात मिळतात, कारण त्यांना कागद लागत नाहीत. कागद लागत नसल्यामुळेच त्यांत रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि सुरक्षितताही नसते. चोवीस तासांच्या आयाबाईच्या कामात जेवण-राहणे सुटते, म्हणून एकट्या स्त्रीला ते सोयीचे वाटते. मूल असेल तर ते करता येत नाही. कोर्टाची तारीख हा आणखी एक अदृश्य निकष आहे. महिन्यातून एक-दोनदा कामाच्या दिवशीच सकाळी अकराला हजर राहावे लागते, दुपारपर्यंत बसून पुढची तारीख घ्यावी लागते आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. बारा तासांच्या पाळीपेक्षा नगावर पैसे देणारे काम अशा काळात टिकते ते यासाठी.

मुंबईने या गरजेतून दोन मोठे नमुने घडवले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड उभे राहिले. सकाळी मळलेले पीठ घरी न्यायचे, लाटून वाळवलेले पापड वजन करून परत द्यायचे आणि ‘वणाई’ म्हणजे लाटणावळ घ्यायची, ही त्याची रीत. मूल शाळेतून येईपर्यंत लाटायचे, तारखेच्या दिवशी कमी पीठ न्यायचे. ही सवड पगारी नोकरीत नसते. दुसरा नमुना गिरणगावातला. कोकणातून व घाटावरून एकटे आलेले गिरणीकामगार ज्यांच्याकडे जेवत, त्या खानावळवाल्या बायका वाण्याच्या उधारीत बुडालेल्या असत. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. दारुड्या, मारकुट्या किंवा परागंदा नवऱ्याच्या संसाराला त्यांच्या डब्यांनीच आधार दिला होता. आता तो आधार बँकेच्या वहीत दिसू लागला. ‘बायकांना दुसरे काय येते, स्वयंपाकच’ असे हिणवत म्हटले जाते. पण स्वयंपाक ही एकच कला अशी असते की जिचा सराव नवऱ्याने कधी बंद केलेला नसतो. म्हणून ती पहिल्या महिन्यात पैशांत रूपांतरित होते.

पहिल्या कामात अडकून पडण्याचा धोकाही तेवढाच खरा. कमरेचे दुखणे आणि वाढते वय यांनी पाच-सात वर्षांत लाटणे हातातून सुटू लागते. शिक्षणाची तुटलेली दोरी पुन्हा बांधायला महाराष्ट्रात ‘सतरा नंबरचा फॉर्म’ प्रसिद्ध आहे. तो भरून शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीची परीक्षा देता येते. पुढे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९) आहे, आयटीआयमध्ये स्त्रियांसाठी राखीव जागा आहेत, एमएस-सीआयटीसारखा संगणकाचा कोर्स आहे. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम झालेल्या बाईला तालुक्याच्या गावीही काम मिळते. शिवणकामाचा कोर्स जवळपास प्रत्येक योजनेत फुकट असतो. म्हणूनच गल्लोगल्ली पिको-फॉलच्या पाट्या दिसतात आणि दर पडलेले असतात. कोणते प्रशिक्षण फुकट आहे यापेक्षा त्या गावात कशाची मागणी आहे हे आधी पाहणारी बाई लवकर सावरते.

सरकारी नोकरीत पुन्हा कागद आडवा येतो. केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांसाठी विधवा, घटस्फोटित आणि न्यायालयीन विभक्त स्त्रियांना, पुनर्विवाह केला नसल्यास, वयाची सवलत मिळते. सर्वसाधारण गटात ती पस्तीस वर्षांपर्यंत असते. दहा वर्षे माहेरी राहिलेल्या, पण कोर्टाचा हुकूम न घेतलेल्या बाईला ती नाही. ‘कशाला कोर्टकचेरी’ म्हणून फारकत न घेण्याची किंमत अशी वयाच्या तिशीत मोजावी लागते.

कर्जाच्या बाबतीत बाहेर पडलेल्या स्त्रीच्या पाटीवर आधीच काहीतरी लिहिलेले असते. सूक्ष्म वित्त कंपन्या स्त्रियांच्या गटाला कर्ज देतात. घरात ते नवरा वापरतो, हप्त्याची जबाबदारी आणि बुडीताची नोंद मात्र तिच्या नावावर राहते. घर सोडल्यावर वसुलीवाले माहेरच्या दारात येतात. नवीन कर्ज मागण्याआधी आपल्या नावावर काय काय आहे याचा पत अहवाल काढून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. जामीनदाराची अडचण बचत गट काही प्रमाणात सोडवतो. महिला आर्थिक विकास महामंडळ (१९७५) आणि ‘उमेद’ अभियान यांच्या गटांत गटच एकमेकींचा जामीन असतो. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी काढलेल्या माणदेशी महिला बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने आधी नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. त्यांनी अक्षर ओळख करून घेतली आणि १९९७ साली बँक उघडली.

कामाच्या ठिकाणी नवरा येऊन तमाशा करणे हा या स्त्रियांची नोकरी जाण्याचा एक नेहमीचा मार्ग आहे. त्यालाच ठाऊक असते की तिचा पगार थांबला की ती परतेल. २००५च्या कायद्याखालच्या संरक्षण आदेशात तिच्या कामाच्या जागी जाण्यासही मनाई करता येते. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. या आदेशाची प्रत मालकाकडे किंवा सोसायटीच्या वॉचमनकडे देऊन ठेवणे उपयोगी पडते. त्यासाठी सगळी कर्मकहाणी सांगावी लागत नाही. कामावर दुसऱ्या कोणी गैरवर्तन केले तर २०१३चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा घरकामगारांनाही लागू आहे आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

शरीर आणि मन या वेळापत्रकाला नेहमी साथ देत नाहीत. सुटका झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणी झोपत नाहीत, दारावरच्या थापेने दचकतात, हिशोबात चुकतात, साधा फॉर्म भरताना रडू कोसळते. आळस किंवा अपात्रता म्हणून याकडे पाहिले जाते. सततच्या धोक्यात राहिलेल्या मेंदूची ती सवय असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याच्या अवस्था मांडताना पहिली अवस्था सुरक्षिततेची मानली. आठवणी उगाळणे, शोक करणे, माणसांत परतणे हे त्याच्या पुढचे. म्हणून पहिल्याच भेटीत सगळे सविस्तर सांगायला लावणारा समुपदेशक नकळत इजा करतो. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

वर्ष-दोन वर्षांनी, पैसे साठले की, स्वतःची खोली भाड्याने घ्यायची वेळ येते. एकट्या बाईला जागा देताना घरमालक नवऱ्याबद्दल विचारतातच. काही जणी बाहेरगावी नोकरीला आहे असे सांगून मोकळ्या होतात, काही भावाला सोबत नेतात. डिपॉझिट बहुधा बचत गटाच्या कर्जातून उभे राहते. महाराष्ट्रात भाडेकराराची लेखी नोंदणी करणे घरमालकावर बंधनकारक आहे. तो कंटाळा करतो, पण आग्रह धरावा. अकरा महिन्यांचा तो नोंदणीकृत करार बँकेत, शाळेत, आधार केंद्रात आणि तहसीलमध्ये पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. नोंदणीच्या वेळी दोन साक्षीदार लागतात, आणि ते बहुतेक वेळा तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायकांमधून येतात.